स्मारकाआधीची शिसपेन्सिल

गेल्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातील एका गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी माझ्याकडे एक काम सोपवले. त्या शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले आणि दोन वर्षांपूर्वी वारलेले एक शिक्षक यांचे स्मारक शाळेच्या दर्शनी भिंतीवर बसवायचे होते. मंडळींच्या मनात अर्धपुतळा होता. मी उठावशिल्प सुचवले, कारण त्या माणसाचे मोठेपण त्यांच्या चेहऱ्यात नव्हते, तर समोर बसलेल्या मुलाशी असलेल्या त्यांच्या नात्यात होते, आणि नाते दाखवायला निदान दोन माणसे लागतात. मंडळींनी हे मान्य केले, चार फूट रुंद आणि तीन फूट उंच असे माप ठरले, आणि मी कागद व शिसपेन्सिल घेऊन बसले.

पहिल्या आठवड्यात खुर्ची, सर, मुलगा, मुलाच्या मांडीवरची पाटी आणि मागची खिडकी, हे सारे आपापल्या जागी बसले. बसला नाही तो सरांचा उजवा हात. तो मुलाच्या डोक्यावर ठेवला की चित्राला कॅलेंडरावरच्या आशीर्वादाची कळा येई. पुस्तकाकडे वळवला की सर मुलाला विसरल्यासारखे वाटत. आणि वर उचलला की ते वर्गात नसून सभेत बोलत आहेत असे दिसे. मी तो हात इतक्या वेळा खोडला की कागदाचा त्या जागेचा पोत गेला आणि शिसे धरेनासे झाले. तेव्हा मला तंजावर आठवले, आणि कपाटातून तिथली जुनी वही काढली.

तंजावरला मी गेले होते ती मुळात सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी आणि मोडी कागदांच्या ओढीने. बृहदीश्वराच्या मंदिराला लागूनच शिवगंगा तलाव आहे आणि त्याच्या काठी, जुन्या छोट्या किल्ल्याच्या आवारात, 1779 साली बांधलेले एक साधे चर्च आहे. आत पांढऱ्या संगमरवराचे एक उठावशिल्प आहे. पलंगावर एक वृद्ध पाद्री मरणासन्न पडलेला आहे. त्याच्या शेजारी पागोटे घातलेला एक तरुण राजा आहे आणि त्याने त्या वृद्धाचा हात आपल्या हातात घेतला आहे. राजाचे सेवक आहेत, पाद्र्याचा एक सहकारी आहे आणि पलंगाभोवती शाळेतली मुले आहेत. पाद्री म्हणजे जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी भोसले, आणि शिल्पकार म्हणजे लंडनचा जॉन फ्लॅक्समन, ज्याने भारतात कधी पाऊल ठेवले नाही.

या हातामागची हकीकत जाणून घेतल्याशिवाय ते शिल्प नीट दिसत नाही. श्वार्ट्झ 1726 साली ब्रांडेनबुर्गमध्ये जन्मले, 1750 साली तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले आणि पुन्हा कधी युरोपात परतले नाहीत. त्यांना तमिळ येत होती, फारसी आणि हिंदुस्थानी येत होती आणि तंजावरच्या दरबाराची भाषा म्हणून मराठीही त्यांनी आत्मसात केली होती. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांच्यापासून चालत आलेल्या त्या गादीवर तुळजाजी राजे असताना, 1787 साली, मृत्यू जवळ आलेला पाहून त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ यांना बोलावून सांगितले की हा मुलगा माझा नव्हे, तुमचा आहे, आणि मी त्याला तुमच्या हाती देत आहे. श्वार्ट्झ यांनी स्वतःच्या पत्रांत हे लिहून ठेवले आहे. पुढे गादी तुळजाजींचा सावत्र भाऊ अमरसिंह याच्याकडे गेली, मुलाला जवळजवळ कोंडून ठेवण्यात आले, त्याच्या शिक्षणाकडे कोणी पाहीना. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या सरकारपाशी सतत पाठपुरावा करून त्याला तिथून सोडवले, 1793 साली मद्रासला हलवले आणि गेरिके या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली शिकवले. तंजावरच्या गादीवर सरफोजींचा हक्क मान्य झाला तो 1798 च्या जूनमध्ये. श्वार्ट्झ यांचे निधन त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला झाले होते. ज्याच्यासाठी त्यांनी दहा वर्षे झगडा केला त्याला राजा झालेला त्यांनी पाहिला नाही.

सरफोजी राजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही; आपल्या कुळाचा देवधर्म त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला. तरीही 1801 साली त्यांनी लंडनमधील मिशनच्या संस्थेला पत्र पाठवून आपल्या खर्चाने या गुरूचे संगमरवरी स्मारक करवून मागितले. त्या काळी तंजावरहून निघालेले पत्र आफ्रिकेला वळसा घालून लंडनला पोहोचायला पाच-सहा महिने सहज लागत. त्या पत्रातला शोक ज्या माणसाच्या टेबलावर जाऊन पडला त्याने ना श्वार्ट्झना पाहिले होते, ना सरफोजींना, ना तंजावरचे ऊन. त्याच्यापाशी कागद होता आणि पेन्सिल होती.

फ्लॅक्समन 1755 साली यॉर्कमध्ये जन्मला. त्याचे वडील प्लास्टरचे साचे आणि प्रतिकृती करून विकत, त्यामुळे लहानपणी खेळण्यांच्या जागी त्याच्याभोवती ग्रीक आणि रोमन देवतांच्या प्रतिकृती होत्या. वयाच्या विशीत तो वेजवूडच्या कारखान्यासाठी काम करू लागला. त्या कारखान्याच्या निळ्या भांड्यांवर पांढऱ्या आकृती चिकटवलेल्या असत आणि त्या आकृतींची जाडी दोन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त नसे. एवढ्या जाडीत मांडी, गुडघा, झगा आणि मागचे झाड, हे सगळे एकापुढे एक आहेत असे भासवायचे असेल तर छिन्नीचा उपयोग नाही. रेषाच अचूक हवी. माझ्या मते फ्लॅक्समनचे खरे शिक्षण तिथे झाले. पुढे 1787 पासून सात वर्षे तो इटलीत राहिला आणि तिथे होमरच्या महाकाव्यांसाठी त्याने जी चित्रे काढली त्यांत छाया अजिबात नाही, नुसती बाह्यरेषा आहे. 1793 साली ती रोममध्ये छापली गेली आणि साऱ्या युरोपात पसरली. शिल्पकार म्हणून नाव होण्याआधी त्याचे नाव झाले ते रेषेसाठी.

त्याची स्मारकांसाठीची कच्ची रेखाटने मी लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये पाहिली. 1826 साली तो वारल्यानंतर त्याची मेहुणी मारिया डेनमन हिने त्याचे प्लास्टरचे नमुने त्या कॉलेजला दिले आणि ते आजही तिथल्या घुमटाखालच्या दालनाच्या भिंतींत बसवलेले आहेत. रेखाटनांचाही मोठा साठा तिथेच आहे. प्लास्टरच्या नमुन्यांपुढून मी तशी लवकर निघाले. कागदांपुढे मात्र मला दिवस पुरला नाही. कागद लहान असतात, काही तर पोस्टकार्डापेक्षा फारसे मोठे नसतात. सुरुवातीची पेन्सिल इतकी हलकी की कागद तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. डोके म्हणजे एक अंडाकृती, त्यात नाकडोळे नाहीत. पण मान किती वाकली आहे हे त्या अंड्याच्या कलावरून तेव्हाच कळते. वस्त्राच्या चुण्या चार-पाच फटकाऱ्यांत येतात आणि शरीराचा भार कोणत्या पायावर आहे हे त्या चुण्या सांगतात. जिथे मन ठरले तिथे पेन्सिलीवरून पेनाची रेषा फिरवलेली असते आणि क्वचित करड्या पाण्याचा एक हात दिलेला असतो. जिथे ठरलेले नाही तिथे दोन-तीन हात, दोन-तीन खांदे एकमेकांवर तसेच राहिलेले असतात, आणि मला सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते त्या न पुसलेल्या हातांवरून.

इथे थोडे पेन्सिलीविषयी. त्या काळच्या इंग्लंडमध्ये चांगल्या पेन्सिली कंबरलंडमधील बॉरोडेलच्या खाणीत सापडणाऱ्या शुद्ध ग्रॅफाइटच्या कापलेल्या पट्ट्यांच्या असत. फ्रान्समध्ये 1795 साली काँते याने ग्रॅफाइटची पूड मातीत मिसळून भाजण्याची रीत काढली आणि आपण आज वापरतो त्या कठीण-मऊ अशा नंबरांच्या पेन्सिली त्या रीतीतून आल्या. खाणीतल्या ग्रॅफाइटच्या रेषेला एक मऊ, रुपेरी झाक असते आणि ती कागदात रुतत नाही, नुसती वर बसते. म्हणून ती चाचपडायला फार चांगली. माती किंवा प्लास्टर हाताळताना हातून काही तरी ठाम घडतच जाते. पेन्सिल मात्र माणसाला ठरवण्याच्या अलीकडे थांबू देते.

उठावशिल्पात ही अलीकडची जागा फार मोलाची असते आणि त्याचे कारण तांत्रिक आहे. पूर्ण पुतळ्यात दोन हात एकमेकांत गुंफले तर पाहणारा बाजूला सरकून कोणाची बोटे कुठे आहेत ते पाहू शकतो. उठावशिल्पात त्याला सरकायची सोय नाही. दोन-तीन इंचांच्या खोलीत एक तळवा, त्यावर दुसरा तळवा, त्यामागे पलंगाची चादर आणि तिच्यामागे तिसऱ्या माणसाचा अंगरखा असे चार थर बसवायचे असतात. कोण पुढे आणि कोण मागे हे कागदावर एकाच गोष्टीने ठरते: कोणती रेषा कोणत्या रेषेपाशी येऊन थांबते. जी रेषा अखंड जाते ती पुढची; जी अडते ती मागची. राजाच्या अंगठ्याची रेषा अखंड ठेवली तर त्याने हात धरला आहे असे दिसते. वृद्धाच्या बोटांची रेषा अखंड ठेवली तर वृद्धाने त्याला धरून ठेवले आहे असे दिसते. शोक कोणाचा आणि धीर कोणाचा हे दीड इंचात, दोन रेषांच्या भेटीत ठरून जाते. पुढे माती, प्लास्टर, मोजमापाची चौकट, छिन्नी आणि पॉलिश हे सारे त्या ठरलेल्याची अंमलबजावणी करतात.

तंजावरच्या चर्चमध्ये मी तीन सकाळी बसून हेच उलट्या दिशेने केले, म्हणजे संगमरवरातून रेषा परत काढली. पहिल्या दिवशी छायाप्रकाशासकट चित्र काढले आणि ते फसले. दुसऱ्या दिवशी छाया सोडून दिली, तेव्हा लक्षात आले की ते शिल्प बाह्यरेषेत जवळजवळ जसेच्या तसे उतरते, काहीही हरवत नाही. पलंगाची आडवी रेषा आणि तिच्यावर झुकणाऱ्या उभ्या आकृती एवढ्यावर सगळी रचना तोललेली आहे आणि या आडव्या-उभ्या रेषा जिथे मिळतात तिथे ते दोन हात आहेत. तिसऱ्या दिवशी मी फक्त ते हात काढले.

प्रत्यक्षात त्या क्षणी नेमके असे घडले नव्हते. श्वार्ट्झ यांच्या अखेरच्या आजारात, 1797 च्या शेवटी शेवटी, सरफोजी त्यांना भेटायला गेले होते आणि तेव्हा त्यांना उपदेश आणि आशीर्वाद मिळाला होता. मृत्यूनंतर शवपेटी बंद करण्यापूर्वी ते पुन्हा आले, रडले आणि त्यांनी कलेवरावर जरीचे वस्त्र घातले, असे तेथील मिशनऱ्यांनी लिहून ठेवले आहे. आशीर्वाद एका दिवशीचा, अश्रू तीन महिन्यांनंतरचे, आणि हाती देणे तर दहा वर्षांपूर्वीचे. फ्लॅक्समनने हे सगळे एका पलंगाशी आणले. त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या मनात हे तिन्ही प्रसंग वेगवेगळे राहिले असतील असे मला वाटत नाही, आणि मनात जसे मिसळतात तसे ते कागदावर मिसळू देणे हेच स्मारकाच्या पहिल्या रेखाटनाचे काम आहे.

हे किती वेगळे होऊ शकले असते याचा पुरावा चेन्नईत आहे. त्याच श्वार्ट्झ यांचे आणखी एक स्मारक ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी करवले आणि ते सेंट जॉर्ज किल्ल्यातील सेंट मेरी चर्चमध्ये लावले. शिल्पकार धाकटा जॉन बेकन. विषय तोच: मरणशय्या, भोवती मुले, उशाशी सहकारी. एक मूल श्वार्ट्झ यांचा एक हात कवटाळून आहे. पण त्यांचे लक्ष त्या मुलाकडे नाही. त्यांचा दुसरा हात वर उचललेला आहे आणि वरून क्रूस घेऊन एक देवदूत उतरतो आहे. काम कसबी आहे, चुण्या उत्तम आहेत, आणि श्रद्धावान माणसाला ते खरेही वाटेल. मला मात्र ते पाहताना सतत जाणवत राहते की ज्याने हा खर्च केला त्याला मृत माणूस कामाचा होता, जवळचा नव्हता. कंपनीच्या स्मारकात मरणाऱ्याची नजर खोलीबाहेर जाते. राजाच्या स्मारकात ती खोलीतच राहते. एकच माणूस, एकच पलंग, आणि हात मात्र दोन दिशांना गेले.

फ्लॅक्समनलाही हे प्रत्येक वेळी साधले असे नाही. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्याने केलेले संस्कृतचे अभ्यासक सर विल्यम जोन्स यांचे स्मारक आहे. त्यात जोन्स मेजापाशी बसून लिहीत आहेत आणि समोर खाली जमिनीवर भारतीय पंडित बसले आहेत. ज्यांच्याकडून जोन्स शिकले ते खाली आणि शिकणारा वर, ही मांडणी पाहून मला दुःख होते. रेषा सुंदर आहे म्हणून ते दुःख कमी होत नाही. ते स्मारक जोन्स यांच्या पत्नीने करवले होते, आणि शोक त्यांचा असल्यामुळे चित्राचे केंद्र त्यांचा नवरा असणे स्वाभाविक होते. तंजावरच्या स्मारकात शोक करणारा भारतीय होता, राजा होता आणि पैसेही त्याचेच होते. म्हणून गोरा माणूस आडवा आहे आणि मराठा राजा त्याच्याकडे झुकून त्याचा हात घेतो आहे. कोणाची उंची किती, हा प्रश्नसुद्धा पेन्सिलीच्या पहिल्या आडव्या रेषेतच सुटतो किंवा बिघडतो.

रेखाटनातून दगडात जाताना बरेच हरवते हेही खरे. फ्लॅक्समन बहुधा लहान आकाराचे नमुने करी आणि त्यावरून मोठा दगड कोरण्याचे काम त्याच्या कारखान्यातले कारागीर करत; त्यामुळे कागदावरचा थरथरता कल दगडात कित्येकदा सपाट आणि गुळगुळीत होऊन येतो. लंडनच्या सेंट पॉल्समधील त्याचे इंग्रज आरमारी सेनानी नेल्सनचे भव्य स्मारक पाहून मी थंडच राहिले. तंजावरचे शिल्प त्यातून वाचले, कारण ते आकाराने आटोपशीर आहे आणि त्याचा सारा जीव दोन हातांत आहे, आणि तेवढे कारागिरांनी जपले.

सरफोजी राजांना दगडाची भाषा किती कळत होती हे त्याच तलावाच्या पलीकडे दिसते. 1803 साली त्यांनी बृहदीश्वराच्या आवारातील भिंतींवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत, देवनागरीत कोरवून घेतला. म्हणजे त्याच दोन-चार वर्षांत हा राजा आपल्या पूर्वजांसाठी शब्दांचे स्मारक करवत होता आणि आपल्या गुरूसाठी चित्राचे. गुरूच्या समाधीशिळेवर मात्र त्यांनी स्वतः रचलेल्या इंग्रजी ओळी आहेत. त्या ओळी साध्या आहेत: तू दृढ होतास, नम्र होतास, शहाणा होतास, अनाथांचा पिता आणि विधवांचा आधार होतास. छंद ओबडधोबड आहे, यमक ओढून आणलेले आहे, आणि इतक्या अवघड परक्या भाषेत एका राजाने त्या स्वतः लिहिल्या यामुळे मला त्या वाचताना भरून येते. कच्च्या रेखाटनातली न पुसलेली रेषा आणि या ओळी एकाच जातीच्या आहेत.

वही मिटून मी पुन्हा सातारच्या कागदाकडे वळले. इतके दिवस मी सरांच्या हाताने काय करावे हे शोधत होते. मुलाच्या हातांचा विचारच केला नव्हता. ते पाटी धरण्यात गुंतवून टाकले होते. नवा कागद घेतला, पाटी काढून मुलाच्या शेजारी जमिनीवर ठेवली आणि मुलाचा हात मोकळा केला. सरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर स्वस्थ ठेवला आणि मुलाची बोटे त्यावर आणली. मुलाच्या बोटांची रेषा अखंड गेली आणि सरांच्या मनगटाची रेषा तिच्यापाशी येऊन थांबली. माजी विद्यार्थ्यांपैकी जे गृहस्थ या कामाचे पाहतात त्यांना कागद दाखवला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले की मुलाच्या चेहऱ्याच्या जागी नुसता अंडाकार का आहे. मी म्हटले, तो शेवटी काढू. ते म्हणाले, नाही काढला तरी चालेल, बाई.